रिळाचं गोडं पाणी

समुद्रावर उभं राहून गळ टाकायला मी साठी उलटून गेल्यावर शिकलो. मासे धरायची हौस होती म्हणून नव्हे. हौस म्हणावी असं माझ्यात फारसं काही उरलं नव्हतं. निमित्त होतं बायकोच्या खांद्याचं.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, कधी त्याहूनही उशिरा, आणि आल्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायच्या भानगडीत ते पडत नसे. खालच्या हौदात येऊन थांबायचं. पुढं माणसानं त्याला मानानं वर न्यावं अशी त्याची अपेक्षा असायची. तो मान माझ्या बायकोनं वर्षानुवर्षं राखला. पाणी नेमकं मी ग्रंथालयात कामावर असतानाच येतं, असा माझा बराच काळ समज होता. निवृत्त झाल्यावर कळलं, ते केव्हाही येतं. तोवर तिचा उजवा खांदा धरला होता. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही. मग कळशा माझ्याकडे आल्या आणि माझे गुडघे बोलू लागले.

आमची मुलगी रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राकाठच्या एका गावात राहते. जावई तिथल्या बँकेत आहेत. घराला विहीर, विहिरीवर पंप, गच्चीवर टाकी. नळ सोडला की पाणी येतं. नातीच्या जन्माच्या वेळी बायको तिथं राहून आली होती आणि तो नळ तिच्या मनात घर करून बसला होता. एका रात्री ड्रमावर झाकण ठेवता ठेवता ती म्हणाली, "आपण तिकडंच जाऊन राहू. कायमचं."

मी म्हणालो, लेकीच्या घरी कायमचं कसं राहायचं? माझे वडील निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर गंगापूरकडून शहरात आले, पण जुन्या रीती बरोबर घेऊनच आले. लेकीकडे गेले तर पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं प्यायचे. या रीतीला मी जन्मभर हसलो होतो. त्या रात्री मी तिचाच दाखला दिला.

"तो तांब्या मीच भरून देत होते," बायको म्हणाली. "तीन मजले खालून आणून."

शेवटी असं ठरलं की महिनाभर राहून बघायचं. नाही करमलं तर परत यायचं.

"कुणाला नाही करमलं तर?" तिनं विचारलं.

"मला."

"ते आलंच ध्यानात," ती म्हणाली, आणि औषधांचा डबा भरायला घेतला.

मला तिथं करमावं म्हणून मुलीनं आणि जावयानं काहीतरी शिजवलं असणार. कारण निघायच्या आधीच घरी एक लांबलचक पार्सल आलं. त्यात माझ्या दीड-दोन पट उंचीची काठी, एक रीळ आणि शिशाची दोन-चार वजनं होती. पाठोपाठ जावयांचा फोन. आमचे जावई मूळचे गंगापूर तालुक्यातले, उसाच्या पाटापलीकडे पाणी न पाहिलेले. कोकणात बदली झाली, तिथं गप्पा मारायला कुणी भेटेना, म्हणून त्यांनी हा नाद लावून घेतला होता.

"मामा, येण्याआधी जरा हात साफ करा. गळ लावू नका, नुसतं शिसं बांधून फेका. लई सोपंय."

मी काठी घेऊन हर्सूल तलावाकडे गेलो. पाण्यात शिसं टाकलं तर तळाशी अडकेल आणि कुणी हटकलं तर उत्तर काय द्यायचं, म्हणून तलावाकडे पाठ केली आणि माळावर फेकायला लागलो. काठी खांद्यामागे न्यायची, अंग वळवायचं, झटका द्यायचा. शिसं फुफाट्यात जाऊन पडायचं. मी चालत जाऊन ते आणायचो. बाभळीखाली एक म्हातारा शेरडं राखत बसला होता. बराच वेळ त्यानं हे पाहिलं, मग उठून जवळ आला.

"मास्तर, पाणी तिकडं हाय."

"माहीत आहे."

"मंग हिकडं काय धरता?"

"काही नाही. गळच लावलेला नाही."

त्यानं थोडा विचार केला. "ब्येस हाय," तो म्हणाला. "मासा बी वाचला अन् तुमी बी."

मत्स्यविद्येवर मी पुढं ग्रंथालयातून आणून दोन जाड पुस्तकं वाचली. त्या म्हाताऱ्याइतकं नेमकं मत त्यात कुठं सापडलं नाही.

कोकणात पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी जावयांनी मला किनाऱ्यावर नेलं. त्यांच्या अंगात एक जाकीट होतं. त्याला इतके खिसे होते की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस युद्धावर निघालाय. बहुतेक खिसे रिकामे होते. एकात तंबाखूची पुडी होती, ती मला दिसू नये असा प्रयत्न चालला होता. बोटं कापलेले हातमोजे, मानेवर पडदा असलेली टोपी. वाळूत त्यांनी एक प्लॅस्टिकचा पाइप ठोकला. तो काठी उभी करून ठेवायला. मग कोळंबी सोलून गळाला लावायला शिकवली. तंगुसाची, म्हणजे त्या नायलॉनच्या दोरीची, गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची. कोरडी आवळली तर दोरी घासून कमजोर होते.

मी माळावरचा सराव आठवला आणि सगळा जीव लावून फेकलं. शिसं फुटणाऱ्या लाटांच्या खूप पलीकडे पडलं. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी मी काहीतरी लांब फेकलं होतं.

"लई लांब गेलं मामा," जावई म्हणाले.

"मग चांगलंच की."

"नाय ना. मासा तिकडं नाय, हितं पायापाशी हाय. बघा, पांढरी लाट फुटती तिथं वाळूचा उंचवटा. त्याच्या अलीकडं पाणी काळपट दिसतंय का? तिथं लाट फुटत नाय, म्हंजी तिथं खोल. मासा त्या चरातच फिरतो, किडंमुंगी खात. तुमी त्याच्या डोक्यावरनं फेकलं."

अशा गोष्टी एकेक करून कळत गेल्या. पाण्यात शिरायचं तर पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवर घासत न्यायचे. वाळूत पाखट दबून बसलेलं असतं, त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. ही चाल मला शिकावी लागली नाही. निवृत्तीपासून मी तसाच चालतो. समुद्राकडे पाठ कधी करायची नाही. आणि भरती-ओहोटी तिथीवर. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती, मग रोज पाऊण तास पुढं. मासा चढत्या पाण्याबरोबर चरात येतो, म्हणून संध्याकाळी भरती हवी, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे. ज्या पंचांगाला मी आयुष्यभर नाक मुरडलं, ते आता रोज सकाळी चष्मा लावून पाहू लागलो. मुलगी नुसती हसली. एवढी वर्षं मी तिला अंधश्रद्धेवर दिलेली व्याख्यानं तिला पाठ होती.

बाकी या कामात मुख्य भाग वाट बघण्याचा. काठी पाइपात उभी करायची, तिच्या टोकाकडे नजर लावायची आणि बसायचं. त्यात मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मी संभाजीनगरचा. पाण्याकडे डोळे लावून बसण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही. पहिल्या आठवड्यात जावई एकदा मागून ओरडले, "मामा, पाणी आलं, पाणी आलं!" भरती चढून माझ्या चपलांपर्यंत आली होती, एवढंच सांगायचं होतं त्यांना. मी मात्र ताडकन उठलो आणि बादली शोधू लागलो. बादलीत कोळंबी होती.

मासे म्हणाल तर चार-सहा मुडदुशा मिळाल्या, हाताच्या पंजाएवढ्या. एक शेंगटी मिळाली; तिला गळातून सोडवताना तिनं अंगठ्यात काटा घातला आणि माझा हात कोपरापर्यंत ठणकला. बायकोनं गरम पाण्यात हात बुडवायला लावला. पातेलं भरून. ते पाणी तिनं नंतर मोरीजवळच्या बादलीत ओतून ठेवलं. फेकायचं कशाला?

त्या बादलीबद्दल सांगायला हवं.

जावयांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काय बी विसरा, पण घरी आलं की रीळ गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी आत राहिलं की संपलं." बायकोनं ते काम आपणहून अंगावर घेतलं. "तुम्ही दमून येता. रीळ मी धुते," ती म्हणाली. माझं तिथं मन लागावं म्हणून ती काहीही करायला तयार होती. मी किनाऱ्यावरून आलो की चहा तयार असे, आणि मी चहा पिईपर्यंत ती मागच्या दारी बसून, डाव्या हातात रीळ धरून, जुन्या टूथब्रशनं एखादा दागिना घासावा तसं ते घासत असे. घासून झालं की बादलीत बुडवायचं, हलवायचं, पुसायचं. बादली मोरीजवळ ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बादली. मी ते रोज पाहत होतो आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. एका वस्तूसाठी रोज बादलीभर स्वच्छ पाणी ओतून टाकायचं, हा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरूच शकत नव्हता. उलट बादलीतलं पाणी जरा कमी झालं की ती त्यात तेवढीच भर घालायची. आणि कमी का व्हायचं, तर त्यातलं तांब्याभर ती मुलीच्या कुंडीतल्या मोगऱ्याला घालायची. आमच्याकडे कुठलंही पाणी दोनदा वापरल्याशिवाय जमिनीत जात नाही.

दोन आठवड्यांनी मोगऱ्याची पानं कडेनं करपायला लागली. "इथली हवा खारी आहे," मी निदान केलं. वाचन फार झालं की अशी निदानं सुचतात.

दर आठवड्याला खालच्या मजल्यावरच्या भाभीचा फोन यायचा. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती.

"अंकल, पानी आया देखो. तुम्हारा ड्रम भरके रख दूं? बंद घर में पानी रहना अच्छा. कब आरे तुम लोगां?"

"भरून ठेवा," मी म्हणायचो. "महिना झाला की येतो."

बायको तेव्हा जवळच असायची. पोळ्या लाटत असली तर लाटणं थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं.

खरं सांगायचं तर माझं परत जायचं ठरलं होतं. मासे धरण्यात मला ना आनंद होत होता ना दुःख. दुपारी वारा पडला की अंगाला मीठ चिकटायचं. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी यायचं. बाजारात कुणी "कुठले तुम्ही?" विचारलं की "लेकीकडे आलोय" म्हणताना जीभ अडखळायची. महिना पुरा झाला की काय बोलायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती. ती सौम्य आणि मुद्देसूद होती. भाषण तयार असलं की माणसाला वाटतं आपण निर्णय घेतलाय.

शेवटच्या आठवड्यात गावात गळ टाकण्याची स्पर्धा होती. जावयांनी मला न विचारता ज्येष्ठांच्या गटात माझं नाव घातलं. त्या गटात आम्ही तिघं होतो. तिघांनाही बक्षीस ठेवलेलं होतं. किनाऱ्यावर मांडव, मांडवात फलक, फलकावर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा माशाहून मोठा. स्पर्धा चढत्या भरतीला सुरू व्हायची होती. पण भरतीची वेळ पाहुण्यांना मान्य नव्हती. ते आले, त्यांना शाल आली, नारळ आला, आणि ते समुद्र ही आपली माता कशी आहे यावर बोलू लागले. बोलताना त्यांची पाठ समुद्राकडे होती. आम्ही तिघं ज्येष्ठ गप्प बसून लाट कुठवर येते ते पाहत होतो. माता चढत चढत त्यांच्या बुटांपर्यंत आली. "आणि म्हणून शेवटी मी एवढंच सांगेन," असं म्हणून त्यांनी उडी मारली. त्या दिवसातलं तेवढंच वाक्य सगळ्यांच्या मनाला भिडलं.

उरलेल्या भरतीत आम्हाला गळ टाकू दिले. मी चरात, जवळ टाकलं, शिकवल्याप्रमाणे. मुलगी, नात आणि बायको मागे वाळूवर चटई टाकून बसल्या होत्या.

काठीचं टोक एकदा थरथरलं. मग ती अशी वाकली की पाइपासकट उपटून निघाली. मी धरली. पलीकडे जे होतं ते मुडदुशी नव्हतं.

"रावस हाय मामा! रावस!" जावई धावत आले, सगळे खिसे उडवत. "खेचू नका! त्याला जाऊ द्या थोडं, दमू द्या!"

त्याला जाऊ देण्याची सोय रिळात असते. मासा जोरात ओढायला लागला की आतल्या चकत्या सरकतात आणि दोरी थोडी थोडी सुटते, म्हणजे ती तुटत नाही आणि मासा दमतो. मी वाट पाहिली. दोरी सुटेना. मी रिळाची मूठ फिरवून पाहिली; आतून जात्यात खडा अडकावा तसा कर्र आवाज झाला आणि मूठ जागच्या जागी थिजली.

"सोडा ना मामा!"

"सुटत नाहीये!"

मागे बायको उभी राहिलेली मला दिसली. तिचा डावा हात वर होता. उजवा वर जात नव्हता. ती काहीतरी ओरडत होती. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामासाठी मी तिला असं ओरडताना पाहिलं नव्हतं. मग तंगूस तुटलं, मी वाळूत मागे बसलो, आणि चरातलं काळपट पाणी पहिल्यासारखंच काळपट राहिलं.

ज्येष्ठ गटात मला तिसरं बक्षीस मिळालं. शाल होती.

घरी आल्यावर जावयांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रीळ उघडलं. आत पांढरे खडे जमले होते. स्वयंपाकघरातल्या बरणीत घालावेत असे.

"मामी, हे रोज धुत होता ना तुमी?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"कशात?"

तिनं अभिमानानं बादली आणून दाखवली. जावयांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मामी, समुद्र बरा याच्यापरीस! पाणी बदललंच नाय?"

"बदलायचं कशाला? चांगलं आहे की अजून. कमी झालं की घालते मी वरून. आणि मोगऱ्याला..."

ती थांबली. तिनं कुंडीकडे पाहिलं. मुलीला हसू फुटलं, जावई तर वर्तमानपत्रावर आडवे व्हायच्या बेतात आले. मीही हसलो असतो, पण बायको हसत नव्हती. तिला कळलं होतं की माझं मन रमावं म्हणून जे रीळ तिनं महिनाभर जपलं, ते तिनंच रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्यात घातलं होतं. जावयांचं हसू हळूहळू ओसरलं. ते गंगापूरचेच, बादलीचा अर्थ त्यांना सांगायची गरज नव्हती.

"राहू द्या मामी," ते म्हणाले. "आमची आय बी तेच करती."

बायकोनं उघडलेल्या रिळाचे भाग पदरात गोळा केले आणि ती मागच्या दारी गेली. मी तिच्यामागून गेलो. तिनं नळ सोडला, पूर्ण सोडला, आणि एकेक भाग धारेखाली धरू लागली. पांढरं पाणी निघालं, मग स्वच्छ निघालं. सगळे भाग धुऊन तिनं पायरीवर मांडले. मग नुसताच डावा हात धारेखाली धरला. मग उजवा. कोपर, दंड. खांद्यापर्यंत हात जाईना म्हणून ती वाकून खांदाच धारेखाली घेऊन गेली. पदर भिजला. पाणी मोरीतून वाहत माडाच्या बुंध्याकडे गेलं, तिथून पुढं. एका थेंबाचाही कुणी दुसऱ्यांदा उपयोग करत नव्हतं.

माझा हात आपोआप नळावर गेला होता. पिरगळायचाच बाकी होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "अहो, इथं कुणी ओरडत नाही."

आमच्या जिन्यात पाण्याच्या दिवशी लोक एकमेकांवर ओरडायचे, आणि वर घरात, पाणी सांडताना दिसलं की मी. मी नळावरून हात काढला. किती वेळ ती तशी उभी होती ते मला सांगता येणार नाही. टाकीतलं पाणी उतरलं, पंप आपला आपण सुरू झाला, आणि तरी धार चालूच होती. जुळवून ठेवलेल्या माझ्या भाषणात या प्रसंगासाठी वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभीचा फोन आला.

"अंकल, पानी आया. महीना तो हो गया ना तुम्हारा? ड्रम भर दूं?"

"नको," मी म्हणालो. "तो ड्रम तुम्हीच न्या."

"मेरे को? और तुम लोगां क्या करते?"

"आम्हाला इथं लागत नाही."

भाभी म्हणाल्या, "आंटी को सलाम बोलो," आणि घाईनं फोन ठेवला. पाण्याच्या दिवशी कुणाला जास्त बोलायला वेळ नसतो.

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं होतं. बराच वेळ थांबलेलं राहिलं. मी आत गेलो नाही.

त्या दिवशी भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा होती. रिळाचे भाग पायरीवर अजून वाळत पडले होते आणि ते पुन्हा जुळतील याची जावयांनाही खात्री नव्हती. मी काठी न घेताच किनाऱ्यावर गेलो, आणि पाणी येईपर्यंत बसून राहिलो.